नववी-दहावीच्या ‘लिटरसी’ला मराठीत काय म्हणावं?

वारणाकाठ :
मी वाळवा तालुक्यात नववी-दहावीला विज्ञान शिकवते. येत्या शनिवारी शाळेतल्या सगळ्या शिक्षकांपुढं मला वीस मिनिटं बोलायचंय. मुद्दा असा, की वाचायला-लिहायला शिकवणं हे एकट्या भाषेच्या शिक्षकाचं काम नाही. विज्ञान, गणित, इतिहास, भूगोल, ज्यानं त्यानं आपापल्या विषयाचं वाचन-लेखन वर्गात शिकवायला हवं. इंग्रजीत याला ‘डिसिप्लिनरी लिटरसी’ म्हणतात. मराठीत मी पहिल्याच ओळीला अडलेय. ‘विषयनिहाय साक्षरता’ असं लिहून एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना दाखवलं, तर ते म्हणाले, “मॅडम, नववीच्या पोरांना निरक्षर म्हणताय का? पालकांच्या कानावर गेलं तर त्यांना काय वाटेल?”

त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. पण अडचण खरी आहे. गेल्या आठवड्यात एका मुलीला न्यूटनचा पहिला नियम वाचायला सांगितला. कथाकथनात बक्षीस मिळवणारी मुलगी. ‘बाह्य असंतुलित बल’, ‘विराम अवस्था’, ‘एकसमान गती’, कुठंही न अडखळता खणखणीत वाचलं तिनं. विचारलं, “विराम अवस्था म्हणजे काय गं?” म्हणाली, “वाक्य संपतं ती.” तिच्या व्याकरणाच्या तासाला हे उत्तर बरोबरच ठरलं असतं, पण इथं विराम अवस्था म्हणजे वस्तू जागच्या जागी स्थिर असणं. आता तिला काय येतं आणि काय येत नाही, ते कुठल्या शब्दानं सांगू? ‘विषयसाक्षरता’, ‘विषयवाचन’, ‘आशयवाचन’ एवढे सुचलेत. शनिवारच्या आत सांगा.

कराडची लेक :
‘साक्षरता’ नको, ताई. तुमच्या सहकाऱ्यांना जे खटकलं तेच मलाही खटकलं, पण माझं कारण वेगळं आहे. गावोगावच्या प्रौढांना लिहा-वाचायला शिकवणारी ग्रामशिक्षण मोहीम १९५९ साली आपल्या सातारा जिल्ह्यातूनच सुरू झाली. माझी आजी त्या वर्गात शिकली. दिवसभर रानात राबून रात्री कंदील घेऊन देवळात जायची. सोसायटीच्या कागदावर अंगठा न उठवता पहिल्यांदा सही केली, तो दिवस ती मरेपर्यंत सांगत होती. आमच्या घरात ‘साक्षर’ म्हणजे आजीची ती सही. तो शब्द त्या कष्टालाच राहू दे. नववीच्या विज्ञानाला दुसरा शोधा.

वाईकर :
आजींना नमस्कार. पण शब्दाचा अर्थ आपण फार आखडून घेतला आहे, असं मला वाटतं. साक्षर म्हणजे अक्षरांसह असलेला. जुन्या सुभाषितात तो विद्वान आहे : ‘साक्षरा विपरीताश्चेद्राक्षसा एव केवलम्’. ‘साक्षराः’ उलटं वाचलं की ‘राक्षसाः’ होतं, म्हणजे विद्वान फिरला की राक्षसच. तिथं सही करता येणारा माणूस अभिप्रेत नाही. गुजरातीत आजही साहित्यिकाला साक्षर म्हणतात, नडियादला साक्षरनगरी म्हणतात. आपल्याकडं साक्षरता प्रसाराच्या कामात हा शब्द सहीपुरता उरला. खरं तर जनगणनेची व्याख्यासुद्धा एवढी तोकडी नाही : सात वर्षांवरील जी व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून वाचू आणि लिहू शकते, ती साक्षर. त्यातला ‘समजून’ हा शब्द वारणाकाठ यांच्या विद्यार्थिनीला लावून पाहा.

तरीही नवा शब्द हवाच असेल तर ‘व्युत्पन्न’ हा आपला उत्तम शब्द पडून आहे. विषयव्युत्पत्ती, गणितव्युत्पन्न मुलगा. शास्त्रात मुरलेला, शब्दांचा उलगडा करू शकणारा तो व्युत्पन्न.

मिरज जंक्शन :
काका, शब्द सुरेख आहे, पण शनिवारी फळ्यावर ‘विषयव्युत्पत्ती’ लिहिलं तर आमच्यासारख्यांना वाटेल की शब्द कुठून आले त्याचं व्याख्यान आहे. सरळ ‘लिटरसी’ लिहा. फी, बस, पेपर, बोर्ड हे शब्द वापरताना आपल्याला कुठं अडतं? मी दोन वर्षांचं बी.एड. केलं, त्यात ‘लँग्वेज अक्रॉस द करिक्युलम’ असा पेपरच होता. माझ्या वहीत त्याचं मराठी ‘अभ्यासक्रमांतर्गत भाषा’ असं आहे. मी परीक्षा पास झालो, पण त्या नावावरून वर्गात जाऊन नेमकं काय करायचं हे मला कधी उमगलं नाही. नाव मराठी असून उपयोग झाला नाही, तसा इंग्रजी असल्यानं तोटा होणार नाही.

वाईकर :
तोटा होतो. आमच्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी विश्वकोशाचं काम उभं केलं, तेव्हा पहिला खंड निघण्याआधी, १९७३ साली, परिभाषासंग्रह छापला. पहिला खंड आला १९७६ मध्ये. आधी शब्द बसवले आणि मग लिहायला घेतलं. शब्द उसना असला की विचारही उसना वाटतो, आणि शिक्षक म्हणतो, हे बाहेरून आलेलं फॅड आहे, दोन वर्षांत जाईल.

पाटण खोरे :
नावाचं तुम्ही ठरवा. मी वर्गात काय झालं ते सांगतो. मी पण विज्ञानच शिकवतो. ‘अंतर आणि विस्थापन’ घेताना विचारलं, विस्थापन म्हणजे काय? सातव्या बाकावरचा पोरगा, एरवी तोंड न उघडणारा, उठून म्हणाला, “आमचं गाव उठलं ते.” त्याच्या पणजोबांचं गाव कोयनेच्या धरणात गेलंय, शिवाजीसागराच्या तळाला.

पुस्तकात लिहिलंय, आरंभ बिंदू आणि अंतिम बिंदू यांतलं सर्वांत कमी अंतर. मी क्षणभर गप्प झालो. ‘ते वेगळं, हे वेगळं’ म्हणून त्याला खाली बसवणं मला जमलं नाही. तालुक्याचा नकाशा भिंतीवर होता. त्याला म्हटलं, जुनं गाव कुठं होतं ते दाखव, नवी वसाहत दाखव. दोन्हींमध्ये पट्टीनं रेघ मारली : हे विस्थापन. मग त्याच्या घरची माणसं बैलगाड्यांनी ज्या वाटेनं वळणं घेत आली ती वाट काढली : हे अंतर. वर्गातल्या एकालाही तो फरक पुन्हा सांगावा लागला नाही.

पुढच्या तासाला शिकवलं, की माणूस निघाला तिथं परत आला तर विस्थापन शून्य. तोच पोरगा म्हणाला, “सर, आमचं शून्य व्हायचं नाही.”

कराडची लेक :
दादा, हे वाचून डोळे भरून आले. मला वाटतं भौतिकशास्त्रानं ‘स्थानांतर’ घ्यायला हवं होतं. विस्थापन हा माणसांच्या दुःखाचा शब्द आहे, तो बिंदूंना कशाला?

गणित, विटा :
उलट आहे, ताई. दोन्हीकडं एकच शब्द होता म्हणूनच त्या मुलाला तोंड उघडता आलं. गणितात हे रोज होतं. वर्गसमीकरणाची ‘मुळे’ काढा म्हटलं की जीवशास्त्रातली मुळं आठवतात. आठवीला ‘चलन’ हा धडा आहे, तिथं चलन म्हणजे एक राशी बदलली की दुसरी कशी बदलते ते. पोरांना नोटा आठवतात. आणि ‘व्यस्त चलन’ म्हटलं की व्यस्त म्हणजे कामात असलेला! मी आता प्रत्येक धड्याच्या आधी विचारतो, हा शब्द घरी कुठं ऐकलाय? पाच मिनिटं जातात. पण पूर्वी ती पाच मिनिटं पुढं पन्नास ठिकाणी जायची.

सेमीवाली :
आमच्याकडं आणखी एक पेच आहे. सेमी इंग्रजीच्या वर्गात गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत. ‘फाइव्ह लेस दॅन ट्वाइस अ नंबर’ दिलं की निम्मा वर्ग ५ − २x लिहितो, कारण पाच आधी कानावर पडतात. तेच मराठीत ‘एका संख्येच्या दुपटीपेक्षा ५ ने कमी’ म्हणून बघा. शब्द ज्या क्रमानं येतात त्याच क्रमानं समीकरण उतरतं : आधी संख्या, मग दुप्पट, मग पाच वजा. आपल्या भाषेची रचना इथं गणिताला धार्जिणी आहे. मी शाब्दिक उदाहरण आधी मराठीत बोलून घ्यायला लावते, मग इंग्रजीत. कुणी म्हणतं यानं इंग्रजी कच्चं राहतं. माझा अनुभव तसा नाही.

वारणाकाठ :
सगळ्यांचे आभार, यातलं बरंच शनिवारी सांगणार आहे. माझी एक भर. नववीला ‘आम्ल, आम्लारी व क्षार’ आहे. आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होतं, मीठ हा उदासीन क्षार, हे शिकवून झालं. चाचणीत मुलांनी लिहिलं, ‘क्षार जमीन खराब करतो म्हणून तो उदासीन नाही.’ आमच्या भागात क्षारपड रानं घरोघरची आहेत. उसाला पाणी जास्त झालं, खालची पातळी वर आली, पाणी वाफेनं गेलं आणि क्षार वर पांढरे फुटले, हे पोरांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. त्यांना क्षार कळतो, पुस्तकातला क्षार कळत नाही. आणि हिंदीत तर क्षार म्हणजे अल्क, पाण्यात विरघळणारा आम्लारी; मिठाला ते लवण म्हणतात. सुट्टीत हिंदी व्हिडिओ बघून आलेली मुलं तिसराच अर्थ घेऊन येतात. अशा तीन अर्थांतून मुलाला वाट काढायला शिकवायचं, त्या कामाचं नाव मला हवंय.

इतिहासाचा तास :
नावाकडं जायच्या आधी आपल्या ‘वाचन’ या शब्दाकडं बघा. वाच् म्हणजे वाणी. वाचन म्हणजे मुळात बोलून दाखवणं. म्हणून आपण वर्गात म्हणतो, “ऊठ, वाचून दाखव.” मुलानं दाखवलं की आपण समाधानी. “वाचून सांग” असं किती वेळा म्हणतो? माझ्या मते सगळा फरक या दोन क्रियापदांत आहे.

इतिहासात वाचून सांगायचं म्हणजे आधी विचारायचं, हे कुणी लिहिलं, कधी, कुणासाठी. सॅम वाइनबर्ग या अमेरिकन शिक्षण-अभ्यासकांनी १९९१ साली इतिहासकार आणि शाळकरी मुलं यांना एकच कागदपत्रं वाचायला दिली होती. इतिहासकार मजकुराआधी लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख बघत. मुलं वरून सुरुवात करून खाली येत. मी दहावीला सभासद बखरीचा तुकडा देतो आणि म्हणतो, मजकूर नंतर, आधी सांगा ही शिवाजी महाराजांच्या हयातीत लिहिली की नंतर? राजाराम महाराजांच्या काळात, जिंजीला, हे कळलं की पोरं आपोआप सावध होऊन वाचतात. रसायनाचा माणूस मजकुरातून आकृतीकडं, आकृतीतून सूत्राकडं जातो. गणिताचा माणूस एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचतो, कारण तिथं ‘आणि’ की ‘किंवा’ यावर सगळं फिरतं. प्रत्येक विषयाची वाचायची रीत निराळी. इंग्लंडमध्ये बुलक समितीनं १९७५ सालीच म्हटलं होतं, की भाषेची जबाबदारी सगळ्या विषयांच्या शिक्षकांची आहे आणि प्रत्येक शाळेचं त्याबद्दल धोरण हवं.

मिरज जंक्शन :
‘वाचनरीत’! विज्ञानाची वाचनरीत, इतिहासाची वाचनरीत. घ्या, झाला शब्द.

वाईकर :
रीत हा शब्द चांगला, पण त्यात लेखन येत नाही. ‘शास्त्रीय कारण लिहा’, ‘सकारण स्पष्ट करा’, ‘टीप लिहा’ ही तिन्ही लेखनं वेगळी आहेत.

गणित, विटा :
आणि भाषेच्या पेपरातल्या उताऱ्यासारखा सराव आमच्या विषयांत फारसा होत नाही. विज्ञानाच्या पेपरात कधी एखादा उतारा येतो, तेवढाच.

ऊस आणि शाळा :
उतारा म्हटलं की आमच्या वर्गात आधी साखरेचा उतारा. शंभर किलो ऊस गाळून बारा किलो साखर पडली तर उतारा बारा टक्के. एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारी किमान दर, त्यावरच ठरते, त्यामुळं घरी जेवताना हीच चर्चा. मी शेकडेवारी यावरच शिकवतो. मग सातबाराचा उतारा, विषावरचा उतारा आणि मराठीच्या पेपरातला उतारा. हे सगळे एकच शब्द आहेत का? माझ्या मते उत्तर आणि उतारा एकाच मुळाचे. म्हणूनच उताऱ्याखाली उत्तरं लिहायची असतात.

वाईकर :
ते बरोबर नाही. उतारा आला ‘उतरणे’वरून, म्हणजे उद् आणि तॄ धातू. मूळ कागदावरून उतरवून घेतला तो उतारा, उसातून उतरली ती साखर. उत्तर हा शब्द उद् ला ‘तर’ लागून झाला, जसं अधिकतर.

ऊस आणि शाळा :
काका, मग ‘उत्तर’मध्येही उद् आहेच की.

वाईकर :
उपसर्ग एक असला म्हणून घराणं एक होत नाही.

वारणाकाठ :
शनिवार परवावर आलाय. ‘वाचनरीत’ लिहू की ‘विषयसाक्षरता’? लेखनही येईल असा कुणाला सुचतोय का?

कराडची लेक :
एक राहिलाच. आमच्याकडं अमावास्येला तिकटीवर भात आणि लिंबू ठेवतात, त्यालाही उताराच म्हणतात. तो अंगावरून उतरवून टाकलेला म्हणून, की कागदावर उतरवतो तसा? आजी असती तर तिला विचारलं असतं.

ऊस आणि शाळा :
अंगावरूनच. आमच्या कासेगावाकडं त्याला ‘उतरून टाकणं’ असंच म्हणतात. पण तासगावकडच्यांनी सांगा, तिकडं काय म्हणतात?