इंग्रजी क्रियापदामागे ईडी (ed) लागली की उच्चार काय करायचा?

सहावीची_आई:
मुलगी सेमी इंग्लिशला आहे. काल तिचा धडा वाचून दाखवत होते, "शी वॉकेड टू द मार्केट", तर पोरगी खो खो हसत सुटली, म्हणे आई वॉकेड नाही गं, वॉक्ट! आमच्याकडून शाळेत वॉकेड, लुकेड, जंपेड असंच घोकून घेतलेलं हो. पण मग प्लेड ला प्लेट का नाही म्हणायचं? नियम आहे का काही की एकेक पाठ करायचं?

जुना_मास्तर:
ताई, मुलगी बरोबर आहे. आणि नियम तुम्हाला आधीच येतो, शाळेतल्या व्यंजनसंधीतला. कठोर आणि मृदू वर्ण आठवतायत? क ख कठोर, ग घ मृदू, तसंच प्रत्येक ओळीत, आणि श ष स पण कठोर. मूळ क्रियापद कठोर आवाजावर संपलं की मागे ट: वॉक्ट, हेल्प्ट, वॉच्ट, वॉश्ट. मृदू वर्ण किंवा स्वर असेल तर ड: बेग्ड, लिव्ह्ड, कॉल्ड, प्लेड. विपद् अधिक काल मिळून विपत्काल होतं ना, द चा त, तोच प्रकार, फक्त तिथे नंतरचा वर्ण आधीच्याला बदलतो आणि इथे उलटं. क्रियापदाच्या शेवटी आधीच ट किंवा ड असेल तर दुसरा लगेच जोडून बोलता येत नाही म्हणून मधे इ घुसतो, वॉन्टिड, नीडिड.

पुणेरी_चहा:
आपण रिटायर्ड म्हणतो, रिटायरेड कोणी म्हणत नाही, आणि सस्पेंड झालेला मात्र सस्पेंडेड! न शिकता बरोबर बोलतोय की 😄 फिक्स्ड डिपॉझिटचं तेवढं चुकतं, ते फिक्स्ट पाहिजे.

सहावीची_आई:
अय्या खरंच की! पण मग लाफ? शेवटी जीएच आहे, म्हणजे घ, म्हणजे मृदू, म्हणजे लाफ्ड?

जुना_मास्तर:
स्पेलिंग बघू नका, कान लावा. ऐकू फ येतो, फ कठोर, म्हणून लाफ्ट. गळ्यावर बोट ठेवून नुसतं फ्फ्फ म्हणा, काही थरथरत नाही, व्ह म्हणताना थरथरतं. विशेषणं मात्र काही हट्टी आहेत, विकेड, नेकेड, कोर्टातलं "माय लर्नेड फ्रेंड", तिथे जुना इ टिकून राहिलाय. पूर्वी बाकीच्यांतही तो बोलला जायचा, म्हणजे तुमचं वॉकेड अगदीच निराधार नाही, काही शतकं उशीर झाला इतकंच.

सहावीची_आई:
हे लेकीला सांगितलं. ती म्हणते, "ते राहू दे, तू आधी आय डिडन्ट वेन्ट म्हणणं बंद कर."