न गेलेली पत्रं, तुंबलेले फोल्डर : तुमचे अनुभव लिहा

मेल आता बहुतेकांची फोनवर नाहीतर ब्राउझरमध्येच चालते. तरी थंडरबर्ड, आउटलुक असा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर बसवून, फोल्डरांची उतरंड रचून पत्रव्यवहार सांभाळणारे आपल्यात बरेच आहेत. तुम्ही फोल्डर कसे लावता? आउटबॉक्समध्ये अडकलेली मेल कशी सोडवता? ड्राफ्टमध्ये काय काय साठलंय? मजकूर खाजगी असेल तर राहू द्या, रीत सांगा.

सुरुवात मीच करते. मी अनुवादाची कामं करते आणि लिहिलेलं पत्र सहसा लगेच पाठवत नाही. थंडरबर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर एकत्र दाबलं की पत्र न जाता लोकल फोल्डर्सखालच्या, म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरवरच्या, आउटबॉक्समध्ये जाऊन बसतं. दुपारी सगळी पत्रं शांतपणे वाचायची आणि फाईल मेन्यूतून 'सेंड अनसेंट मेसेजेस' म्हणायचं, एकगठ्ठा जातात. डिस्कवर पाहिलंत तर या आउटबॉक्सच्या फाईलचं नावही 'अनसेंट मेसेजेस' असंच आहे. शब्द बदलायचे असतील ते पत्र ड्राफ्टमध्ये, फक्त मन बदलण्याची शक्यता असेल ते आउटबॉक्समध्ये, अशी माझी वाटणी आहे.

– शब्दपाल

*

आमच्याकडे ऑफिसात जुनं, म्हणजे क्लासिक आउटलुक आहे. मी हिशेब विभागात, त्यामुळे 'मेल पाठवली होती हो!' हे वाक्य रोज कुणाकडून तरी ऐकतो. अशा वेळी मी आधी आउटबॉक्समधली अक्षरं बघतो. पाठवायच्या रांगेत असलेली मेल तिथे तिरप्या अक्षरांत दिसते. एखाद्याने 'गेली का बघू' म्हणून ती उघडली आणि नुसती बंद केली, की अक्षरं सरळ होतात आणि मेल रांगेतून बाहेर पडते. मग ती कितीही वेळ तिथेच पडून राहते. उपाय एवढाच, की पुन्हा उघडायची आणि 'सेंड' दाबायचं. नवीन माणूस आला की त्याला मी हे पहिल्या आठवड्यातच सांगतो : आउटबॉक्स बाहेरून बघायचा, आत हात घालायचा नाही.

दुसरं म्हणजे उशिरा पाठवण्याचा नियम. रूल्समध्ये 'इतकी मिनिटं थांबून पाठव' असं सांगता येतं, कमाल मर्यादा 120 मिनिटांची. मी दोन मिनिटं ठेवली आहेत. अटॅचमेंट राहिलं, चुकीच्या साहेबांचं नाव आपोआप भरलं गेलं, हे सगळं 'सेंड' दाबल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटातच लक्षात येतं. मात्र हा नियम तुमच्या मशीनवर चालतो. संध्याकाळी शेवटची मेल टाकून लगेच आउटलुक बंद करणाऱ्यांनी विचार करून लावावा.

– जमाखर्च

*

जमाखर्च, तुमच्या तिरप्या अक्षरांना +1.

माझं काम छपाईचं, म्हणजे जड फायलींचं. मेल अडकण्याचं कारण दहापैकी नऊ वेळा अटॅचमेंट असतं. लोक म्हणतात, मर्यादा 25 एमबी आणि फाईल 20 चीच, मग का जात नाही? मेलमधून फाईल जशीच्या तशी जात नाही. ती आधी साध्या अक्षरांत बदलली जाते, बेस-64 पद्धतीने, आणि त्यात दर तीन बाइटांची चार अक्षरं होतात. म्हणजे आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो आणि 20 ची फाईल वाटेत 27 च्या आसपास भरते. 18 च्या पुढे गेलं की मी सरळ लिंक पाठवतो.

अडकलेली मेल काढताना प्रोग्रॅम आधी ऑफलाइन करा. तो एकीकडे पाठवायची खटपट करत असताना दुसरीकडे मेल पुसायला गेलात तर 'ही वापरात आहे' म्हणून हात झटकतो. ऑफलाइन करायचं, बंद करून पुन्हा उघडायचं, मेल ओढून ड्राफ्टमध्ये टाकायची, फाईल काढायची आणि मग ऑनलाइन व्हायचं. हा क्रम बदलू नका.

– खिळाजुळारी

*

मी एका संस्थेचा मेल सर्व्हर सांभाळतो. लोक जिला प्रोग्रॅमची चूक म्हणतात ती बरेचदा आयमॅपची, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून सगळ्या उपकरणांवर दाखवण्याच्या पद्धतीची, रीत असते.

'माझ्या एकाच ड्राफ्टच्या इतक्या प्रती ट्रॅशमध्ये कशा?' हे नेहमीचं गाऱ्हाणं. आयमॅपमध्ये सर्व्हरवर ठेवलेली मेल बदलता येत नाही. दर ऑटोसेव्हला प्रोग्रॅम नवी प्रत वर चढवतो आणि जुनीवर 'पुसली' अशी खूण करतो. जाळं मध्येच तुटलं की जुनी राहून जाते. लांबलचक पत्र असेल तर ते लोकल फोल्डरमधल्या ड्राफ्टमध्ये लिहा, प्रश्नच मिटतो. फोनवर मात्र ते दिसणार नाही.

दुसरं गाऱ्हाणं तीन-तीन सेंट फोल्डरांचं. एक प्रोग्रॅम 'सेंट' म्हणतो, दुसरा 'सेंट आयटम्स', तिसरा 'सेंट मेसेजेस', आणि प्रत्येक जण आपापला फोल्डर बनवून मोकळा होतो. कुठला फोल्डर कशासाठी, हे सर्व्हरनेच सांगायची सोय 2011 साली प्रमाण म्हणून आली, पण त्याआधीची खाती अजून तशीच घोळ घालत फिरताहेत. अकाउंट सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या उपकरणांना एकच फोल्डर दाखवा आणि बाकीच्यांतलं त्यात ओतून रिकामे पुसून टाका. अर्ध्या तासाचं काम आहे, लोक वर्षानुवर्षं करत नाहीत.

फोल्डरांना मराठी नावं देता येतात का, असं बरेच जण दबकत विचारतात. खुशाल द्या. सर्व्हरच्या डिस्कवर ते नाव एका चिन्हानंतर येणाऱ्या अगम्य रोमन अक्षरांच्या माळेसारखं दिसतं, पण ते बघायची पाळी माझ्यासारख्यावर येते, तुमच्यावर नाही.

– अहोरात्र

*

लिहू की नको असं झालं होतं, पण विषयाला धरून आहे.

वडील गेल्यावर त्यांचा लॅपटॉप माझ्याकडे आला. खातं जुन्या पॉप पद्धतीचं. मेल उतरवून घेतली की सर्व्हरवरून काढून टाकायची, अशी मांडणी त्यांनी केलेली. म्हणजे सगळा पत्रव्यवहार त्या एका मशीनवर, जगात दुसरीकडे कुठेही नाही. थंडरबर्ड उघडण्याआधी मी घरचं वाय-फाय बंद केलं. धाकट्या भावाला ते विचित्र वाटलं. पण आउटबॉक्समध्ये काही थांबलेलं असेल तर नेटवर्क मिळाल्यावर प्रोग्रॅम ते पाठवू का म्हणून विचारतो, आणि सेटिंग तशी असेल तर न विचारता पाठवतो. मृत माणसाच्या नावाने कुणाला पत्र जायला नको होतं.

आणि होतीच काही. एका नियतकालिकाला वर्गणी थांबवा म्हणून. एक त्यांच्या जुन्या सहकाऱ्याला, बऱ्यापैकी लांब, मध्येच वाद घालणारं. मी प्रत्येक पत्र स्वतंत्र फाईल म्हणून सेव्ह केलं आणि मगच आउटबॉक्स रिकामा केला. वर्गणीचं माझ्या नावाने कळवून टाकलं. सहकाऱ्यांना आधी फोन केला, पत्र हवंय का विचारलं. ते म्हणाले, पाठव, त्याला उत्तर द्यायचं होतंच. माझ्या खात्यावरून पाठवलं, वर दोन ओळी लिहून.

असं काम कुणाला करावं लागलं तर : हेल्प मेन्यूत ट्रबलशूटिंगच्या पानावर प्रोफाइल फोल्डरचा पत्ता असतो. प्रोग्रॅम पूर्ण बंद करायचा आणि तो अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायचा. फक्त इनबॉक्स उचलू नका. पत्त्यांची वही, फिल्टर, खात्यांची मांडणी सगळं तिथेच असतं.

– उत्तररात्र

*

उत्तररात्र, वाय-फाय आधी बंद करणं हे मला सुचलं नसतं. लिहिलंत ते बरं केलंत.

मी पुसलेल्या मेलबद्दल लिहितो. थंडरबर्डमध्ये सहसा एक फोल्डर म्हणजे एक सलग मजकुराची फाईल, एमबॉक्स पद्धतीची. मेल पुसली की ती त्या फाईलमधून उडत नाही, तिच्यावर फक्त खूण होते. ट्रॅश रिकामी केली तरी मूळ फोल्डरच्या फाईलमध्ये प्रत उरलेली असते. 'कंपॅक्ट' केलं की फाईल नव्याने लिहिली जाते आणि तेव्हा ती खरी जाते. म्हणून फोल्डरात मोजक्या मेल आणि डिस्कवर फाईल भलीमोठी, असं दिसतं.

एका मैत्रिणीची महत्त्वाची मेल अशीच परत मिळाली. पद्धत अशी : प्रोग्रॅम बंद करायचा, फाईलची प्रत काढून ठेवायची, मोठी फाईल झेपेल अशा टेक्स्ट एडिटरमध्ये ती उघडायची आणि मेल शोधायची. तिच्या वरच्या भागात एक्स-मोझिला-स्टेटस अशी ओळ असते. वाचून पुसलेल्या साध्या मेलला तिथे 0009 असतं, ते 0001 करायचं. आकडे चारच ठेवायचे. मग त्याच नावाची, शेवटी एमएसएफ असलेली सूचीची फाईल पुसून प्रोग्रॅम उघडायचा. तो सूची नव्याने बांधतो आणि मेल जागेवर दिसते.

मराठी मेल असेल तर मजकुरातले शब्द टाकून शोधू नका. मराठी मजकूर बहुतेकदा बेस-64 मध्येच बांधलेला असतो, खिळाजुळारींनी वर सांगितला तोच प्रकार. शोधायचं ते पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून किंवा तारखेवरून. आम्ही यातच सगळ्यात जास्त वेळ घालवला.

– जुनीवही

*

एवढे फोल्डर लावायचेच कशाला? 2011 मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी 345 जणांच्या मेल वापराची पाहणी केली होती. जुनी मेल शोधताना फोल्डर लावणाऱ्यांना काही जास्त यश मिळत नाही, आणि सर्च करणाऱ्यांचं काम लवकर होतं, असं त्यात दिसलं. मी तर थंडरबर्डमध्ये वाचून झालं की 'ए' दाबतो, मेल आर्काइव्हमध्ये वर्षाच्या फोल्डरात जाते. बास.

– आळसोबा

*

आळसोबा, सर्चला शब्द आठवावा लागतो. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मेलचा विषय 'रि : रि : कालचं' असा असतो. त्यात काय शोधणार? फोल्डर हवेतच, पण फिल्टरने भरणारे. हाताने ओढायचे असतील तर पंधरा दिवसांत कंटाळा येतो, हे मान्य.

आणि सेव्ह्ड सर्चचे, म्हणजे ठरवलेल्या अटीत बसणाऱ्या मेल नुसत्या एकत्र दाखवणारे, फोल्डर वापरा ना. मधला मार्ग आहे. 'ताऱ्याची खूण आहे आणि महिन्याहून जुनी आहे' असा एक फोल्डर केलाय, सगळ्या खात्यांवर चालतो. तो फोल्डर पुसला तर मेलना धक्का लागत नाही. पण त्याच्या आतली मेल पुसली तर मूळ मेलच पुसली जाते, हे ध्यानात ठेवा.

– कप्पेबंद

*

एक छोटी भर. मेल पाठवणं आणि तिची प्रत सेंटमध्ये ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं एसएमटीपीने होतं, दुसरं आयमॅपने. म्हणून मोठं अटॅचमेंट दोनदा वर चढतं. दुसरं काम अडलं की खिडकी येते, 'प्रत ठेवता आली नाही'. ती नीट वाचा. मेल तोवर गेलेली असते. घाबरून पुन्हा पाठवलीत की समोरच्याला दोन मिळतात. जीमेल स्वतःच्या सर्व्हरवरून गेलेल्या मेलची प्रत आपोआप ठेवतं, त्यामुळे तिथे प्रोग्रॅममधलं प्रत ठेवण्याचं खूणघर रिकामं ठेवलं तरी चालतं.

– दोनदोनदा

*

माझा ड्राफ्टचा एकच नियम : 'प्रति'चा रकाना शेवटी भरायचा. रागातली पत्रं तर पत्त्याशिवायच लिहायची, म्हणजे बोट चुकून 'सेंड'वर पडलं तरी प्रोग्रॅमच अडवतो. उत्तर देताना पत्ता आपोआप येतो, तो आधी कापून मजकुराच्या पहिल्या ओळीत ठेवायचा.

शब्दपाल, एक विचारायचं होतं. माझी दोन खाती आहेत. सगळे ड्राफ्ट एकत्र दिसावेत म्हणून युनिफाइड फोल्डर चालू केले. आता घरच्या खात्यातला ड्राफ्ट ऑफिसच्या पत्त्यावरून जाईल का?

– पोस्टपेटी

*

पोस्टपेटी, नाही. तो फक्त एकत्र दाखवण्याचा प्रकार आहे, ड्राफ्ट ज्याच्या त्याच्या खात्यातच राहतात. पण 'प्रेषक'च्या यादीत तुम्ही कधी पत्ता बदलून सेव्ह केलं असेल तर बदललेला पत्ता राहतो. पाठवण्याआधी त्या ओळीकडे एकदा बघा. आणि ऑफिसचा मजकूर घरच्या खात्यात ड्राफ्ट म्हणूनही ठेवू नका, तो पाठवला नाहीत तरी त्या सर्व्हरवर गेलेला असतो.

– शब्दपाल