भाड्याची सायकल आणि ब्रेकची बाजू
परदेशातल्या सायकल सफरीसाठी स्वतःची सायकल खोक्यात बांधून विमानाने नेण्यापेक्षा तिथेच भाड्याने घ्यावी, असा सल्ला दिला गेला आहे आणि तो मला मान्य आहे. मात्र त्यात ब्रेकचा मुद्दा राहून गेला. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जपान येथे पुढच्या चाकाचा ब्रेक सहसा उजव्या हाताला असतो, तर फ्रान्स, जर्मनी, अमेरिका येथे तो बहुधा डाव्या हाताला असतो. फ्रान्समधल्या पाच दिवसांच्या निधी-संकलन सफरीत पहिल्याच उतारावर पुढचा सायकलस्वार अचानक थांबला आणि मी सवयीने, मागचा समजून, डावा ब्रेक जोरात दाबला. वजन पुढे गेले आणि मागचे चाक क्षणभर उचलले गेले. पडलो नाही, हा निव्वळ योग.

म्हणून सायकल नोंदवतानाच ब्रेकची बाजू बदलून मागावी. तारेचे ब्रेक थोड्या वेळात बदलता येतात, पण हायड्रॉलिक (तारेऐवजी नळीतल्या द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या) ब्रेकच्या नळ्या सोडवून बहुधा त्यांत शिरलेली हवाही काढावी लागते, त्यामुळे प्रस्थानाच्या सकाळी ते काम सहसा कुणी हाती घेत नाही. पेडल मात्र स्वतःची न्यावीत. त्यांचे आटे बहुतेक सायकलींना जुळतात, फक्त डावे पेडल उलट्या आट्यांचे असते.