हॅले ऑर्केस्ट्राचा पियानो कॉन्चेर्टो: पेटी वाजवणाऱ्या बाबांना घेऊन जावे का?

पंचगंगा:

मी गेली सहा वर्षे मँचेस्टरमध्ये राहते. माझे बाबा पुढच्या महिन्यात कोल्हापूरहून प्रथमच इकडे येत आहेत आणि त्याच आठवड्यात ब्रिजवॉटर हॉलमध्ये हॅले ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम आहे. एक पाहुणा पियानोवादक बेथोवनचा चौथा पियानो कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना) वाजवणार असून मध्यंतरानंतर ब्राह्म्सची दुसरी सिंफनी (नुसत्या ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना) आहे.

बाबांचे वय ७२. देवल क्लबच्या मैफली ऐकून त्यांचा कान घडला आहे आणि भजनी मंडळात ते चाळीस वर्षे पेटीची साथ करत आले आहेत. पाश्चात्त्य संगीत त्यांनी मुद्दाम बसून कधीच ऐकलेले नाही. तानपुरा नाही, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे) नाही, षड्ज मध्येच बदलतो, अशा संगीतात ते दोन तास रमतील का, याची मला काळजी वाटते. त्यांना आधी काही समजावून सांगावे, की कोऱ्या कानाने ऐकू द्यावे? शिवाय ऑर्केस्ट्राच्या मागच्या बाजूची तिकिटे बरीच स्वस्त आहेत. ती घेतली तर चालतील का? आणखी एक लहानशी अडचण अशी की, एखादी जागा आवडली की बाबांचा उजवा हात आपोआप वर जातो आणि तोंडून मोठ्याने ‘वा!’ निघते. तिथे ते वावगे दिसेल का?

तिसरी घंटा:

आधी तिकिटांविषयी लिहितो, कारण ती लवकर संपतात. मागची, म्हणजे गायकवृंदासाठी बांधलेली आसने नुसत्या सिंफनीसाठी उत्तम असतात. कंडक्टरचा चेहरा समोर दिसतो आणि तालवाद्ये अगदी हाताशी असतात. पियानो असेल तेव्हा मात्र ती टाळावीत. मैफलीचा पियानो सुमारे नऊ फूट लांब असतो आणि त्याचे झाकण उजवीकडे, समोरच्या श्रोत्यांच्या दिशेने उघडते, त्यामुळे नाद पुढे फेकला जातो. मी एकदा दुसऱ्या एका शहरात हौसेने मागे बसलो होतो. तेव्हा झाकणाची काळी पाठ दिसली आणि पियानो शेजारच्या खोलीत वाजत असल्यासारखा ऐकू आला.

बाबा स्वतः पेटी वाजवतात, म्हणजे त्यांना बोटे पाहायची असणार. वादकाची पाठ डावीकडे असते, म्हणून समोरच्या आसनांपैकी मध्यापासून थोडी डावीकडची जागा घ्या. कार्यक्रमाच्या वेळेआधी वीसेक मिनिटे तरी आत जाऊन बसा. पियानो असला की ऑर्केस्ट्रा त्याच्याशीच स्वर मिळवतो; मुख्य व्हायोलिनवादक पियानोची ‘ए’ पट्टी, म्हणजे ‘सी’पासून मोजल्यास आपली पांढरी सहा, दाबतो आणि सगळी वाद्ये त्या एका स्वरावर येतात. वाद्ये लावून घेण्याची ही दोन मिनिटे बाबांना फार आपलीशी वाटतील.

हे सभागृह १९९६ साली सुरू झाले. शेजारून ट्राम जाते, पण तिचा कंप आत येऊ नये म्हणून सारी इमारत शेकडो स्प्रिंगांवर उभी केली आहे. ती शांतता अनुभवण्यासारखी आहे.

खर्ज:

बाबांना जरूर न्या, आणि हाच कॉन्चेर्टो असल्याबद्दल मला आनंद वाटतो. त्या काळचे बहुतेक कॉन्चेर्टो ऑर्केस्ट्राच्या लांब प्रस्तावनेने सुरू होत आणि एकल वादक आपली पाळी येईपर्यंत थांबत असे. इथे बेथोवनने तो शिरस्ता मोडला. कोणताही गाजावाजा न करता पियानो एकटाच सुरुवात करतो. अवघ्या पाच मात्रा-खंडांचा (ठरावीक मात्रांच्या छोट्या तुकड्यांचा) एक मृदू, भजनासारखा शांत वाक्यांश वाजतो आणि पियानो थांबतो.

यापुढचे पेटीवाल्याच्या भाषेत सांगतो. पट्टी पांढरी पाच, म्हणजे षड्ज तिथे. पियानोचा वरचा स्वर सुरुवातीला गंधारावर, म्हणजे पांढरी सातवर, पुन्हा पुन्हा रेंगाळतो. वाक्य पंचमाच्या आधाराने अर्धवट, प्रश्नासारखे सुटते आणि तंतुवाद्ये तितक्याच हळू आवाजात उत्तर देतात, पण कुठून? तर त्या गंधारालाच षड्ज मानून, थेट पांढरी सातमधून. बाबांना इथे मूर्च्छना आठवेल, पण ही मूर्च्छना नव्हे. मूर्च्छनेत स्वर तेच राहतात आणि षड्ज हलतो. इथे मूळ सप्तकात नसलेली काळी दोन, म्हणजे कोमल धैवतही सोबत येते, आणि त्यामुळेच अचानक दुसऱ्याच घराचे दार उघडल्यासारखे वाटते. काही क्षणांतच ऑर्केस्ट्रा मूळ पट्टीवर परततो. षड्ज बदलण्याची भीती बाबांच्या मनातून घालवायची असेल, तर एवढी एक जागा त्यांना आधी दाखवा. बाकीच्या जागा ते स्वतः शोधतील.

मींड नाही हे खरेच आहे, पण ती पेटीतही नाही. पेटीचा स्वर भात्याच्या जोरावर टिकतो, तर पियानोत नमद्याची हातोडी तारेवर आदळते आणि स्वर जन्मल्या क्षणापासून विझू लागतो. विझणाऱ्या स्वरांतून अखंड गाणे ऐकवणे हेच पियानोवादकाचे कसब आहे. कॉन्चेर्टोच्या तीन भागांपैकी दुसऱ्यात ते फार जवळून ऐकू येते. हा भाग अवघा ७२ मात्रा-खंडांचा, पाचेक मिनिटांचा. त्यात फक्त तंतुवाद्ये असतात. ती सगळी मिळून एकच धून वाजवत, कठोरपणे बोलतात आणि पियानो प्रत्येक वेळी अगदी हळू, विनवल्यासारखे उत्तर देतो. पियानोचे डाव्या पायाखालचे पेडल दाबले की सगळी कळफलकाची चौकट किंचित सरकते आणि हातोडी कमी तारांवर पडते. बेथोवनने जवळजवळ सगळा भाग असाच मंद करून वाजवायला सांगितला आहे. हळूहळू तंतुवाद्यांचा आवाज खाली येत जातो आणि शेवटी तीही पियानोइतकीच हळू बोलू लागतात. माझ्या मते या संपूर्ण कृतीतली सर्वांत मोठी जागा हीच आहे.

तुतारीसारखी ट्रम्पेट आणि टिंपनी (नगाऱ्यासारखी तालवाद्ये) पहिल्या दोन भागांत मंचावर असूनही गप्प बसतात. ती केवळ शेवटच्या भागात वाजतात. पहिल्या भागाच्या अखेरीस ऑर्केस्ट्रा थांबून पियानो एकटा राहतो, त्याला कॅडेन्झा म्हणतात. वादकाने लांब ट्रिल (दोन शेजारचे स्वर झपाट्याने आलटून पालटून वाजवणे) धरली की ऑर्केस्ट्रा परत येतो. साथीदाराने मुखडा पकडावा तशी ही खूण आहे आणि बाबांना ती न सांगता कळेल.

निंबोणी:

खर्ज यांचे लेखन मला आवडले, तरी एक मतभेद नोंदवते. दुसऱ्या भागाविषयी बाबांना आधी काहीही सांगू नये. मी तो प्रथम ऐकला तेव्हा मला कोणी काही सांगितलेले नव्हते, आणि तो धक्का मला आजही मोलाचा वाटतो. पट्टीबदलाची जागा सांगणे वेगळे, ती कानाला वाट दाखवते. भावनेचा अर्थ आधी सांगितला की श्रोता तोच शोधत बसतो.

सांगायचेच असेल तर २२ डिसेंबर १८०८ ची हकीकत सांगा. व्हिएन्नाच्या थिएटर आन डेर वीनमध्ये कडाक्याच्या थंडीत सुमारे चार तास चाललेल्या त्या कार्यक्रमात बेथोवनने हाच कॉन्चेर्टो स्वतः वाजवला. पाचवी आणि सहावी सिंफनीही त्याच रात्री प्रथम ऐकवली गेली. ऐकणे मावळत चालले असताना त्याने हे केले. हॅलेची गोष्टही बाबांना आवडेल, कारण हा ऑर्केस्ट्रा एका पियानोवादकानेच उभा केला. चार्ल्स हॅले १८४८ च्या क्रांतीनंतर पॅरिस सोडून इंग्लंडला आला, १८५७ च्या कलाप्रदर्शनासाठी त्याने मँचेस्टरमध्ये वादक जमवले, आणि प्रदर्शन संपल्यावर ते पांगू नयेत म्हणून ३० जानेवारी १८५८ पासून स्वतःच्या मैफली सुरू केल्या.

‘वा’ विषयी स्पष्टच लिहिते: तिथे ती आवरावी लागेल. त्या शांततेत हळू उच्चारलेला शब्दही मंचापर्यंत पोहोचतो. बेथोवनच्या काळी श्रोते प्रत्येक भागानंतर टाळ्या वाजवत, परंतु आता कृती पूर्ण होईपर्यंत थांबण्याचा रिवाज आहे, आणि इथे दुसरा भाग तिसऱ्याला थेट जोडलेलाच आहे. बाबांना एवढेच सांगा की दाद साठवून ठेवावी. हात वर गेला तर कोणाचेही काही बिघडत नाही. शेवटी टाळ्या थांबल्या नाहीत, तर पाहुणा वादक बहुधा एखादी छोटी रचना एकट्याने वाजवतो, म्हणून लगेच उठू नका.

पंचगंगा:

सर्वांचे मनापासून आभार. समोरची, मध्यापासून डावीकडची दोन तिकिटे आजच काढली. दुसऱ्या भागाविषयी मी बाबांना काही सांगणार नाही.

संध्याकाळी त्यांना फोन केला आणि फक्त पट्टीबदलाची जागा सांगितली. त्यांनी फोन बाजूला ठेवून पेटी उघडली, पांढरी पाचचे स्वर धरले, गंधारावर थोडा वेळ थांबले आणि मग काळी दोन घेऊन पांढरी सातवर गेले. भात्याचा आवाज मला ऐकू येत होता. दोन-तीनदा तसेच करून पाहिल्यावर त्यांनी विचारले, “आणि परत पाचला कसा येतो गं तो?” ते आपण तिथेच ऐकू, असे मी त्यांना सांगितले.