मदत हवी आहे: शोषखड्ड्यात पाणी मुरत नाही, कमी खर्चात काय करावं?

कोकण, जांभ्याची जमीन, घरात पाच माणसं. सेप्टिक टाकी उपसली तरी लगेच शौचालय तुंबतं, कारण शोषखड्डाच भरलेला आहे. टाकीच्या आउटलेटचा टी (तवंग टाकीतच अडवणारा टी-आकाराचा पाइपचा जोड) तुटलाय. तवंग थेट खड्ड्यात जाऊन भिंतींवर चिकट थर धरलाय. ११० मिमी पीव्हीसीचा नवा टी बसवणार, न्हाणी-मोरीचं पाणी वेगळं काढून केळींना सोडणार.

आता प्रश्न. जुना खड्डा उपसून काही महिने कोरडा ठेवला तर पुन्हा मुरवेल का? की पाणी मुरवायला नवा उथळ, लांब चरच खणावा? पावसाळ्यात भूजल दोन मीटरवर येतं, म्हणून ६० सेंमीपेक्षा खोल जायचं नाही. लांबी किती धरावी? विहीर वीस मीटरवर आहे, जांभ्यात तेवढं अंतर पुरेल? अ‍ॅसिड नि बॅक्टेरिया पावडर कृपया सुचवू नका.