चार जणांचा खेळ, मग कव्हरवर गडी किती?

कट्टेकरी

चर्चेला घेतलेलं कव्हर असं आहे. गेमचं नाव 'धक्काबुक्की'. एकाच पडद्यासमोर बसून चौघांनी खेळायचा पीसी गेम: डगमगत्या मचाणावरून एकमेकांना ढकलून पाण्यात पाडायचं. कव्हरवर लाल, निळा, हिरवा, पिवळा असे चार गडी ओळीत उभे, चौघंही आपल्याकडे बघून दात काढतायत, मागे रंगीत कागदांचा पाऊस, खाली डाव्या कोपऱ्यात रोमन लिपीत नाव. जाणार आहे स्टीमवर, म्हणजे पीसी गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात.

माझं मत: चौघंही राहू देत. पार्टी गेम घेणारा पहिल्यांदा एवढंच बघतो की आपल्या सगळ्यांना एकदम खेळता येईल का. एकच गडी दाखवला की तो एकट्याने खेळायचा उड्या मारण्याचा गेम वाटतो. नाव मोठं करा, कागद निम्मे करा, बाकी ठीक आहे.

तिरका_डोळा

ठीक अजिबात नाही. चार गडी आहेत, पण एकही घटना नाही. ढकलाढकलीचा गेम आणि कव्हरवर कोणी कोणाला हातसुद्धा लावत नाही! वर्गाचा ग्रुप फोटो झालाय.

दोन गडी ठेवा. एकाचा तळवा दुसऱ्याच्या पाठीवर, दुसऱ्याचा एक पाय मचाणाच्या बाहेर. पडण्याच्या अर्धा सेकंद आधीचा क्षण. पडल्यानंतरचा नको, कारण तेव्हा ढकललं कोणी हे कळत नाही.

आता गणित. स्टीमच्या शोधयादीत चित्र १२० बाय ४५ पिक्सेलचं दिसतं. त्यात नावाला निम्मी रुंदी दिली तर उरले ६०, म्हणजे चौघांना प्रत्येकी १५. डोळा एक पिक्सेलचा. दात काढलेले कोणाला दिसणार?

पिक्सेलपाटील

गणित बरोबर, पण लावलंय चुकीच्या फाइलला. स्टीमवर गेमचं कव्हर वेगवेगळ्या मापांत लागतं, त्या प्रत्येक चित्राला कॅप्सूल म्हणतात. शोधयादीतल्या छोट्या कॅप्सूलवर गडी ठेवायचाच नाही. स्टीमची स्वतःची शिफारसही हीच आहे की तिथे नावाने जवळजवळ सगळी जागा भरावी. चार की दोन हा वाद फक्त हेडर (गेमच्या पानावर वर दिसणारं), मेन (दुकानाच्या पहिल्या पानावर मोठं दिसणारं) आणि उभ्या कॅप्सूलपुरता.

मापं एकदा नीट मांडू या. अपलोड करायची: छोटं ४६२ बाय १७४, हेडर ९२० बाय ४३०, मेन १२३२ बाय ७०६, उभं ७४८ बाय ८९६. लायब्ररीसाठी, म्हणजे विकत घेतलेल्या गेमच्या यादीसाठी, ६०० बाय ९०० वेगळं. प्रत्येकाचं गुणोत्तर निराळं, म्हणून मेन कापून बाकीची बनवू नका. पार्श्वभूमी, प्रत्येक गडी आणि नाव वेगवेगळ्या लेयरवर, म्हणजे सुट्या थरांवर ठेवा आणि प्रत्येक मापात नव्याने मांडा. इथे कापाकापी झालेली स्पष्ट दिसते: उभ्या चित्रात लाल आणि पिवळा गडी खांद्यातून तुटलेत.

शिवाय ४६२ चं १२० होताना चित्र जवळपास चारपट आवळतं. नावाभोवतीची काळी किनार आत्ता ४ पिक्सेल आहे, तिथे ती जेमतेम १ उरते आणि अक्षरं मागच्या रंगात विरघळतात. मूळ फाइलमध्ये किमान ८ हवी.

खेळगडी

गडी दोनच ठेवा आणि कोपऱ्यात '१ ते ४ खेळाडू' असा बिल्ला लावा. मिटलं.

पिक्सेलपाटील

नाही लावता येत. १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमच्या कॅप्सूलवर गेमचं नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढाच मजकूर चालतो. पुरस्कार, परीक्षणातली वाक्यं, सवलतीचा आकडा, सगळं बाद. खेळाडूंची संख्या टॅग आणि माहितीच्या रकान्यात जाते.

कट्टेकरी

म्हणजे माझाच मुद्दा पक्का झाला. अक्षरांत सांगता येत नाही, म्हणून चित्रातच सांगावं लागतं. 'अमंग अस' बघा, रंगीबेरंगी अंतराळवीरांची टोळी दिसली की गेम घोळक्याने खेळायचा आहे हे लगेच कळतं.

तिरका_डोळा

'अमंग अस' आला जून २०१८ मध्ये आणि गाजला २०२० मध्ये, तोही आपला खेळ नेटवर थेट दाखवणाऱ्या स्ट्रीमरांमुळे आणि टाळेबंदीमुळे. कव्हरने विकला असता तर दोन वर्षं लागली नसती. त्यातून शिकायचं असेल तर आकार शिका: पाठीवरची पेटी आणि काचेची पट्टी, काळ्या रंगात भरला तरी ओळखू येतो. 'धक्काबुक्की'चे चारही गडी काळे करा. चार सारखे बटाटे. रंग सोडला तर त्यांच्यात फरकच नाही.

मात्रावेलांटी

रंगांचंही तपासा. चित्र करडं करून बघितलं की लाल आणि निळा दोघंही काळपट होऊन एकमेकांत मिसळतात आणि पिवळा एकटा उठून दिसतो, जणू नायक तोच. पण करडं करताना 'लाइटनेस' पर्याय निवडू नका. शुद्ध लाल, निळा, हिरवा, पिवळा चारही त्यात एकाच करड्या छटेचे होतात आणि काहीच कळत नाही. 'लुमा' किंवा 'ल्युमिनन्स' घ्या, त्यात रंग डोळ्याला जेवढा उजळ दिसतो तेवढी छटा मिळते. निळा दोन घर उजळवा. स्टीमचं पान आधीच गडद निळं आहे, कडेला उभा असलेला निळा गडी त्यात बुडतो.

आणि नाव देवनागरीत का नाही? रोमनमध्ये अकरा अक्षरं होतात. १२० मधून दोन्हीकडे ४ सोडले तर ११२ उरतात, म्हणजे अक्षराला जेमतेम १०. देवनागरीत ध, क्का, बु, क्की, चारच! प्रत्येकाला २८.

पिक्सेलपाटील

रुंदीत मिळतं, उंचीत जातं. ४५ मधून वर-खाली ४ सोडले की ३७. वर वेलांटी, खाली उकार, मग अक्षराच्या अंगाला उरतात वीस-बावीस. त्यात 'क्क'चा जोड गच्च होतो. रोमन नाव दोन ओळींत तोडा, सहा आणि पाच अक्षरं. प्रत्येकाला १८ च्या वर रुंदी आणि जवळपास तेवढीच उंची. शिवाय विकत घेणारा बहुधा मराठी वाचणारा नाही, आणि शोधताना तो रोमनमध्येच टाइप करणार.

मात्रावेलांटी

दोन ओळी मान्य. पण हेडरवर उंचीची अडचण नाही. तिथे रोमन नावाला वरून शिरोरेघ द्या, अक्षरं तिला लोंबकळू देत आणि रेघ मचाणासारखी एका बाजूला कललेली. गेममध्ये काय होतं ते नावातच दिसेल.

तिरका_डोळा

हे झकास. फक्त रोमन अक्षरांना शिरोरेघ ही परदेशातल्या भारतीय हॉटेलांच्या पाट्यांवरची जुनी खोड आहे, रेघ कललेली दिसली नाही तर मसाल्याचं पाकीट होईल.

खेळगडी

एक वेगळं. पार्टी गेमचा दुवा एक जण बघतो आणि ग्रुपवर बाकी तिघांना पाठवतो. मोबाइलवर प्रिव्ह्यू लहान आला तर मधला चौकोन कापून दिसतो. मेनच्या निम्म्या मापाच्या, ६१६ बाय ३५३ च्या चित्रातून दोन्ही बाजूंचे १३० च्या आसपास पिक्सेल गेले. आत्ताच्या मांडणीत उरतात मधले दोन गडी, अर्धं नाव आणि कागद.

कोणाला दाखवून विचारताना "कसं वाटलं" विचारू नका, "छान" म्हणून मोकळे होतात. पार्टी गेमच्या टॅगची यादी उघडून स्क्रीनशॉट घ्या, मधल्या एका चित्रावर आपलं चिकटवा, दोन सेकंद दाखवून झाका. मग दोनच प्रश्न: यात काय करायचं असतं? किती जणांनी?

कट्टेकरी

दुसऱ्या प्रश्नाला दोन गड्यांचं कव्हर नापास होणार. लोक "दोघांचा मारामारीचा गेम" म्हणतील. चुकीच्या अपेक्षेने घेतला की परत करणं सोपं आहे, १४ दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळलेला असला की पैसे परत. छोट्या कॅप्सूलवर फक्त नाव, हे मी मान्य केलं. मेनवर चौघं हवेतच.

पिक्सेलपाटील

मग चौघंच ठेवा, पण चेहरे दोन. एक ढकलणारा, एक तोल जाणारा. तिसरा मचाणाच्या कडेला बोटांनी लोंबकळतोय, फक्त हात आणि कपाळ. चौथ्याचे पाण्याबाहेर राहिलेले दोन पाय. रंगावरून चार मोजता येतात आणि नजर एकाच धक्क्यावर जाते.

तिरका_डोळा

पाय निळ्या गड्याचे नकोत, पाण्यात दिसणार नाहीत. पिवळ्याचे करा. आणि हेडरच्या निम्म्या मापात, ४६० बाय २१५ वर लावून टाका, तिथे ते पाय वाटले नाहीत आणि केळी वाटली तर मी पुन्हा दोनवर येणार.