भाकरीनं साखर वाढत नाही, हे यांना कुणी पटवलं?

काठवट

माझं माहेर मंगळवेढा तालुक्यातलं. काळी जमीन, दसऱ्याच्या आगेमागे पेरलेला शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी, पाटाचं पाणी नाही की विहिरीचं नाही, जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीवर येणारा. लग्न होऊन पुण्यात आले आणि पहिल्या महिन्यातच कळलं, की या घरात भाकरी होते, पण ती कुणाला दिसता कामा नये. सासूबाई बार्शीकडच्या. भाकरीशिवाय त्यांचं पोट भरायचं नाही. पण दाराची बेल वाजली की अर्धी खाल्लेली भाकरी फडक्यात गुंडाळून ओट्याखालच्या डब्यात जायची. मला हळूच म्हणायच्या, "पोळ्या लाट गं चार. लोक म्हणतील, यांच्याकडे गहू नाही."

मिस्टरांना शाळेत डब्यातल्या भाकरीवरून मुलं चिडवायची. त्यांनी जे भाकरी खाणं सोडलं, ते थेट साठीपर्यंत. मधुमेह निघाला तेव्हा मी किती सांगून पाहिलं. गव्हाच्या चार पोळ्या खाण्यापेक्षा एक भाकरी घ्या, सोबत पालेभाजी घ्या. एकच उत्तर यायचं, "ते गावाकडचं खाणं मला पचत नाही."

मग २०२३ आलं, भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष. सोसायटीच्या ग्रुपवर रोज मेसेज, बागेतल्या फिरायच्या मंडळींत तीच चर्चा. एक दिवस घरी येऊन हे म्हणाले, "आजपासून गहू बंद. भाकरीनं साखर वाढत नाही." खोटं कशाला सांगू, मला त्या दिवशी फार आनंद झाला. काठवट माळ्यावरून काढून घासली.

आता रात्री तीन भाकऱ्या खातात, कधी चौथी मागतात. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी (एचबीए१सी) ७.४ टक्के होती, ती ८.६ झाली आहे. आणि म्हणतात, "भाकरी खातोय ना, मग संध्याकाळची गोळी कशाला?"

यांना कसं समजावू? आणि मनातलं आणखी एक विचारते. तेव्हा भाकरी वाईट हे त्यांनी तपासून ठरवलं नव्हतं, आता चांगली हेही तपासलेलं नाही. भाकरी तर तीच आहे. मग माणसाचं मत बदलतं तरी कशानं?

कोरडवाहू

ताई, मी कृषी खात्यात ३१ वर्षं काढली, बरीचशी सोलापूर जिल्ह्यात. सासूबाईंची लाज कुठून आली ते मी जवळून पाहिलंय.

१९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची तांबडी ज्वारी, मिलो, मिळायची. तिची भाकरी लालसर आणि चिवट. ज्यांनी ती खाल्ली, त्यांच्या मनात भाकरी आणि दुष्काळ एकत्र शिवले गेले. त्याच सुमाराला हायब्रीड ज्वारी आली. उतारा भरपूर, पण दाणे भरताना पावसात सापडली की कणीस काळं पडायचं, आणि भाकरीला शाळूची गोडी नाही. 'हायब्रीड' ही आपल्याकडे शिवी झाली ती तिथून. पुढे उजनी धरणाचं पाणी आलं, ऊस आला. उसवाल्याच्या घरी पोळी, कोरडवाहूच्या घरी भाकरी, असा हिशेब गावात पक्का झाला. सोयरीक जमवताना पाहुण्यांपुढे भाकरी ठेवली तर मुलीकडचे काय समजतील, याची धास्ती मी चांगल्या बागायतदारांच्या घरीसुद्धा पाहिली.

सरकारी कागदावरही 'भरडधान्य'. २०१८ साली केंद्र सरकारनं 'पौष्टिक तृणधान्य' असं नाव अधिसूचित केलं. दाणा तोच, मोहोळच्या केंद्रात निवडलेली शाळूची जात, मालदांडी ३५-१, तीच. लोकांनी धान्याकडे पाहिलंच नाही, ते कोण खातो याकडे पाहिलं. म्हणून ताई, याला नुसती हवा म्हणून सोडून देऊ नका. माणूस भाकरीच्या निमित्तानं आपली पायरी सांगत होता, अजूनही तेच सांगतोय.

अवांतर: शाळूची काढणी म्हणजे ताटं मुळासकट उपटायची. हाताला फोड येतात, मजूर मिळत नाही. शहरात मागणी वाढली म्हणून पेरा वाढेल असं कुणी समजू नये.

दापोलीची

आमच्याकडे हीच गोष्ट नाचणीची. नाचणीची भाकरी गड्यांची, सत्त्व तान्ह्या बाळाचं, आंबील आजाऱ्याची. धडधाकट माणसानं पांढरा भात खायचा. माझी आई उकड्या तांदळाची पेज सुद्धा मागच्या पडवीत बसून प्यायची. आता माझी सून नाचणीची बिस्किटं महागाची आणते आणि माझ्यासमोर मला नाचणीचे गुण सांगते. मी ऐकून घेते. चांगलंच आहे, पोरांच्या पोटात तर जातंय.

ताटवाटी

मी आहारतज्ज्ञ आहे. आधी महत्त्वाचं: गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू देऊ नका. यात वाद घालू नका, सरळ त्यांच्याच डॉक्टरांसमोर बसवा.

आता भाकरी. १०० ग्रॅम ज्वारीत ६५ ते ७० ग्रॅम कर्बोदकं असतात. गव्हाच्या कणकेतही जवळजवळ तेवढीच. चोथासुद्धा दोन्हीकडे साधारण सारखाच, १० ग्रॅमच्या आसपास. ज्वारीत ग्लुटेन नाही हे खरं, पण ग्लुटेनचा रक्तातल्या साखरेशी काही संबंध नाही. भाकरी पोळीपेक्षा जाड असते. एका मोठ्या भाकरीला ७०-८० ग्रॅम पीठ सहज लागतं, म्हणजे तीन भाकऱ्यांत दोनशे ग्रॅमच्या वर पीठ गेलं. एका जेवणाला हे फार होतं. एक भाकरी, वाटीभर उसळ, भरपूर भाजी, असं ताट करा. जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी घरच्या मशीनवर साखर मोजा आणि वहीत लिहा.

सांजवात

थोडं वेगळं मत मांडते. आपण सगळेच बहुतेक गोष्टी दुसऱ्याच्या सांगण्यावरून मानतो. मीही ताटवाटींचे आकडे तपासले नाहीत, तरी विश्वास ठेवला. सगळं स्वतः तपासायला आयुष्य पुरणार नाही. प्रश्न एवढाच, की कुणाचं ऐकायचं हे आपण कसं ठरवतो. काठवटताई, तुमच्या मिस्टरांनी तुमचं ऐकलं नाही कारण त्यांच्या लेखी तुम्ही 'गावाकडच्या'. हे वाचताना मला त्रास झाला.

काठवट

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय.

ताटवाटी, मशीन आणलं. तीन भाकऱ्यांनंतर २४१. दुसऱ्या दिवशी एक भाकरी, मटकीची उसळ, मेथी, काकडी, आणि आकडा १७२. वही पुढे ठेवली. म्हणाले, मशीन बिघडलंय. चार दिवस तेच. डॉक्टरांकडे नेलं, गोळी मात्र सुरू झाली.

मग त्यांच्या फिरायच्या मंडळींतल्या एकांनी बागेत मशीन आणलं आणि सगळ्यांचे आकडे लिहायला लागले. त्या दिवशी घरी आल्यावर यांनी स्वतःहून माझी वही मागितली. आता एक भाकरी खातात. साखर उतरतेय, मला त्याचं समाधान आहे. पण सांजवात, तुम्ही लिहिलंत ते मला लागलं, कारण ते खरं आहे.

कोरडवाहू काका, तुमचं वाचून सासूबाई डोळ्यांसमोर आल्या. त्या गेल्या त्याला अकरा वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात दवाखान्यात मी त्यांना दुधात भाकरी कुस्करून नेली होती. शेजारच्या खाटेवरच्या बाई भेटायला आलेल्या लोकांशी बोलत होत्या. सासूबाईंनी दोन घास खाल्ले आणि वाटीवर पदर ओढला. मी म्हटलं, "आई, कुणी बघत नाहीये." तरी त्यांनी पदर काढला नाही.

काल ओटा पुसताना खाली तो डबा सापडला. आता भाकरी त्यातच ठेवते, पण डबा टेबलावर असतो.